स्वयंपाकघरातील शंका-समाधान : हंगामातला टोमॅटो

डिसेंबरच्या अंकात थंडीतल्या भाज्यांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. मटार, पावटा आणि गाजर यांच्या वाट्याला मोजकी पत्रे आली; बाकी जवळजवळ सगळी टोमॅटोविषयी होती. टोमॅटो बाराही महिने मिळू लागल्यापासून त्यालाही हंगाम असतो याचा आपल्याला विसर पडला आहे, आणि आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ या विसरण्यातच आहे. त्यामुळे या वेळी सारी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : बाजारातून लालबुंद टोमॅटो निवडून आणतो आणि फ्रिजमध्ये नीट ठेवतो, तरीही त्याला ना वास असतो ना चव. कोशिंबीर पाणचट होते. हा दोष बियाण्याचा की आमच्या निवडीचा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोष थोडा बियाण्याचा, थोडा वाहतुकीचा आणि बराचसा आपल्या फ्रिजचा आहे.

महाराष्ट्रात टोमॅटोची लागवड वर्षातून तीनदा होते : जून-जुलैत पावसाळी, सप्टेंबर-ऑक्टोबरात हिवाळी आणि जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी. रोपे लावल्यानंतर साधारण दोन ते अडीच महिन्यांनी तोडणी सुरू होते आणि ती बरेच आठवडे चालते. त्यामुळे नारायणगाव, पिंपळगाव बसवंत यांसारख्या बाजारांतून कुठला ना कुठला माल सतत येत राहतो आणि ग्राहकाला हंगाम जाणवत नाही. जिभेला मात्र तो जाणवतो. टोमॅटोचा लाल रंग ज्या लायकोपीनमुळे येतो, ते तापमान ३० अंशांच्या वर गेले की नीट तयार होत नाही. म्हणून भर उन्हाळ्यातले फळ पुष्कळदा नारिंगी राहते आणि त्याच्या देठाजवळचा भाग पिवळा, टणक असतो. पावसाळ्यात झाड पाणी भरपूर ओढते, त्यामुळे फळ फुगते, कधी तडकते, आणि त्यातली गोडी व आंबटपणा दोन्ही पातळ होतात. थंडीत दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असा योग जुळतो, फळ झाडावर सावकाश पिकते. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडचा टोमॅटो चवीला सर्वांत चांगला असतो, असे मी निःशंकपणे म्हणेन.

आता वाहतुकीविषयी. दूरच्या बाजारासाठी माल पूर्ण लाल होईपर्यंत झाडावर ठेवत नाहीत. रंग फिरू लागला की तोडणी होते, फळे वीस किलोच्या कॅरेटमध्ये भरली जातात आणि उरलेला रंग वाटेत चढतो. हा प्रवास सोसावा म्हणून जाड सालीची, घट्ट गराची वाणे पुढे आली. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण पातळ सालीचे रसाळ फळ ट्रकच्या एका फेरीतच निम्मे फुटते. शिवाय नव्या वाणांनी काही खरे प्रश्नही सोडवले आहेत. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का रक्षक’ हे संकरित वाण पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तोंड देण्यासाठीच तयार केलेले आहे.

उरला फ्रिज. टोमॅटो मुळात उष्ण प्रदेशातले फळ असल्यामुळे साधारण १२ अंशांखालची थंडी त्याला मानवत नाही. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की आठवडाभर ५ अंशांत ठेवलेल्या पिकल्या टोमॅटोतील सुगंधी द्रव्ये घटतात आणि फळ पुन्हा बाहेरच्या तापमानाला आणले तरी ती पूर्णपणे भरून येत नाहीत. साखर आणि आम्ल तेवढेच राहते, पण वास जातो. आणि ज्याला आपण टोमॅटोची चव म्हणतो तिचा मोठा भाग हा वासच असतो.

तेव्हा टोमॅटो टोपलीत, एकाच थरात, देठाची खूण खाली करून सावलीत ठेवावेत. अगदी पिकून मऊ झालेले आणि लगेच न संपणारे तेवढेच फ्रिजमध्ये जावेत, आणि तेही खाण्यापूर्वी काही तास बाहेर काढावेत. विकत घेताना रंगापेक्षा वजन आणि वास पाहावा. हातात जड लागणारे आणि देठाजवळ नाकाशी नेले असता पाल्यासारखा उग्र वास येणारे फळ घ्यावे. कोशिंबिरीला चपटे, कंगोरेदार, आंबट गावरान टोमॅटो मिळाले तर दुसरीकडे पाहू नये. लांबट, घट्ट, कमी बियांचे टोमॅटो रश्श्याला आणि चटणीला उत्तम.

पाणचटपणावरचा उपाय म्हणून अनेक जण बियांभोवतीचा बुळबुळीत भाग काढून टाकतात, तो कृपया टाकू नये. टोमॅटोची जी भरीव, तोंडाला पाणी आणणारी चव असते ती देणारे ग्लुटामेट गरापेक्षा या भागातच अधिक असते. पाणी सुटते ते मिठामुळे. म्हणून चिरलेल्या फोडींत दाण्याचे कूट, मिरची, कोथिंबीर, चिमूटभर साखर आणि हिंग-जिऱ्याची फोडणी आधी घालून ठेवावी. मीठ आणि दही पाने वाढतानाच घालावे.

प्रश्न : नारळाचे दूध घालून केलेले टोमॅटोचे सार माझ्या हातून हमखास फुटते. सासूबाई चिमूटभर खाण्याचा सोडा घालायला सांगतात. ते योग्य आहे का? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : सोड्याने सार फुटणार नाही हे खरे, कारण सोडा आंबटपणा मारतो, पण साराचा जीव त्या आंबटपणातच असतो. सोडा पडलेल्या साराला एक बोथट, साबणासारखी चव येते. सासूबाईंचा मान राखून तो डबा बाजूला ठेवावा, असे सुचवतो.

नारळाच्या दुधातील स्निग्धांश प्रथिनांच्या आधाराने पाण्यात तरंगत असतो. आंबटपणा आणि खळखळती उकळी एकाच वेळी आली, की ही प्रथिने गोळा होतात आणि तूप-पाणी वेगळे व्हावे तसे सार फाटते. म्हणजे दोहोंपैकी एकाला आवर घालायचा आहे, आणि आवरायला उष्णता सोपी.

अर्धा किलो पूर्ण पिकलेले टोमॅटो देठाकडचा भाग काढून थोड्या पाण्यात उकडावेत आणि गाळणीतून दाबून गाळावेत, म्हणजे साल व बिया मागे राहतात. मिक्सरमध्ये बियांसकट वाटले तर बिया भरडल्या जाऊन किंचित कडवटपणा येतो, म्हणून मी गाळणीचाच आग्रह धरतो. अर्ध्या नारळाचे पहिले घट्ट दूध एक वाटी आणि दुसरे पातळ दूध एक वाटी वेगवेगळे काढावे. टोमॅटोचा रस, पातळ दूध, मीठ आणि लिंबाएवढा गूळ एकत्र करून उकळावे. पातळ दुधात स्निग्धांश कमी असल्यामुळे ते उकळी बऱ्यापैकी सोसते. घट्ट दुधात चमचाभर तांदळाची पिठी कालवावी. सार विस्तवावर मंद असताना पळीभर गरम सार त्या दुधात घालून ते आधी कोमट करून घ्यावे आणि मग ते दूध साऱ्या सारात ओतावे. कडेने वाफ येऊ लागली की उतरवावे; उकळी येऊ देऊ नये. साजूक तूप, जिरे, हिंग, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि कढीपत्ता यांची फोडणी सर्वांत शेवटी वरून द्यावी. पुन्हा गरम करायचे झाल्यास हाच संयम पाळावा.

गाईचे दूध घालून टोमॅटोचे सूप करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. तिथे पिठाने दाट केलेल्या गरम दुधात टोमॅटोचा गरम रस थोडा थोडा ओतत जावा. रंगासाठी बिटाचा तुकडा घालण्याची पद्धत अलीकडे बोकाळली आहे. थंडीतल्या टोमॅटोला तिची गरज नाही आणि साराला बिटाचा मातकट वास मात्र लागतो.

प्रश्न : डाळ शिजतानाच टोमॅटो घातला तर डाळ शिजत नाही असे म्हणतात. यात तथ्य आहे का? आणि लोखंडी कढईत टोमॅटोची भाजी करावी का? (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : तथ्य आहे. डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही, त्यामुळे डाळ कणीदार राहते. कुकरच्या दाबाखाली ताजी तूरडाळ तरीही शिजून जाते, पण जुनी डाळ किंवा हरभऱ्याची डाळ हट्ट दाखवते. बटाट्याचेही तसेच, रस्साभाजीत बटाटा आधी मऊ करावा आणि मग टोमॅटो घालावा. याच गुणाचा उलट उपयोगही होतो : मटकीच्या उसळीत मोड आलेली मटकी अर्धवट शिजल्यावर टोमॅटो घातला, तर तिचा दाणा अखंड राहतो आणि उसळीचा लगदा होत नाही.

लोखंडी कढईत टोमॅटो आम्लामुळे लोह ओढून घेतो. ते लोह पोटात गेल्याने निरोगी माणसाला अपाय नाही, मात्र भाजी काळपट होते आणि धातूची चव येते. झटपट होणारी भाजी चालेल, तीही झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढावी. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात मात्र टोमॅटो मुळीच शिजवू नये.

प्रश्न : आमच्या भागात जानेवारीत टोमॅटो मातीमोल होतो आणि पावसाळ्यात परवडत नाही. स्वस्ताईत घेतलेला टोमॅटो वर्षभर टिकवण्याची खात्रीची घरगुती रीत सांगावी. आम्ही रस उकळून बाटल्यांत भरतो, पण काही बाटल्यांची झाकणे उडतात. (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : भावाचा हा झोका २०२३ मध्ये साऱ्या देशाने पाहिला. जुलैत किरकोळ बाजारात किलोने शंभरी केव्हाच ओलांडली होती आणि सप्टेंबरात शेतकऱ्यांवर माल रस्त्याकडेला ओतण्याची पाळी आली होती. तेव्हा साठवणीचा आपला विचार रास्तच आहे, पण आपली आत्ताची रीत धोक्याची आहे आणि ती आजच थांबवावी. झाकण उडालेल्या बाटलीतला रस चाखूनही पाहू नये.

टोमॅटो आंबट असल्यामुळे तो सुरक्षितच, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात त्याची आम्लता सीमेवरची आहे. सामू, म्हणजे आंबटपणाचे माप (pH), जितका जास्त तितका आंबटपणा कमी; तो ४.६ च्या वर गेला की बंद बाटलीत बोट्युलिझमचे घातक विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात. टोमॅटोचा सामू साधारण ४.३ ते ४.९ या टप्प्यात असतो, आणि अतिपिकलेल्या फळाचा त्यातही वरच्या बाजूला. म्हणून बाटलीबंद साठवणीत बाहेरून आम्ल घालणे अनिवार्य आहे : दर अर्ध्या लिटरला पाव चमचा सायट्रिक ॲसिड, ज्याला आपल्याकडे लिंबूसत्त्व म्हणतात, किंवा मोठा चमचाभर, म्हणजे १५ मिलिलिटर, विकतचा बाटलीतला लिंबूरस. घरच्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, त्यामुळे या कामी त्याच्यावर भिस्त ठेवू नये. त्यानंतर हवाबंद होणाऱ्या खास झाकणांच्या काचेच्या बरण्या पाण्यात पूर्ण बुडवून, पाणी खळखळत असताना अर्ध्या लिटरच्या बरणीला ४० मिनिटे उकळाव्या लागतात. सरबताच्या किंवा दारूच्या जुन्या बाटल्या यासाठी निरुपयोगी आहेत.

हे सारे वाचून आपल्याला कंटाळा आला असल्यास मला नवल वाटणार नाही. घरच्यापुरत्या साठवणीला मी बाटल्यांच्या वाटेला जाऊच नये असे म्हणेन. फ्रीझरमध्ये जागा असेल, तर टोमॅटो धुऊन, कोरडे पुसून, अख्खेच्या अख्खे पिशवीत भरून गोठवावेत. लागतील तेवढे काढून नळाखाली धरले की साल हाताने सुटून येते, आणि रश्श्यात किंवा सारात ते ताज्यासारखेच वागतात. अर्थात कोशिंबिरीला ते चालत नाहीत, कारण गोठल्यावर गराचा ताठपणा जातो. जागा कमी असल्यास रस मंद आचेवर निम्मा आटवून बर्फाच्या साच्यात गोठवावा आणि वड्या पिशवीत भराव्यात.

फ्रीझर नसलेल्यांना वाळवण हाच मार्ग आहे, आणि संगमनेरच्या बाजूला जानेवारी-फेब्रुवारीचे कोरडे ऊन त्यासाठी उत्तम. लांबट, घट्ट टोमॅटो घ्यावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘भाग्यश्री’ हे कमी बियांचे वाण मिळाले तर फारच चांगले. सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्यांना मीठ लावून तासभर तिरक्या ताटात ठेवाव्यात, सुटलेले पाणी आमटीत वापरावे, आणि चकत्या जाळीवर मांडून मलमलीच्या कापडाखाली वाळवाव्यात. संध्याकाळी दव पडण्यापूर्वी घरात आणाव्यात. चकती चामड्यासारखी लवचीक लागली तर ती अजून झालेली नाही. मोडल्यावर कट्कन आवाज आला पाहिजे. टोमॅटोत ९४ ते ९५ टक्के पाणी असल्यामुळे किलोमागे जेमतेम ६०-७० ग्रॅम वाळवण हाती येते, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर शेजाऱ्यांवर संशय यायचा. ते भरडून हवाबंद डब्यात ठेवावे. वरणात चमचाभर पुरते. वाळवलेले टोमॅटो लसणासह तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवण्याचे प्रकार चित्रफितींत दिसतात, त्यांचे अनुकरण करू नये. तेलाखाली हवा नसते आणि बोट्युलिझमच्या जिवाणूंना नेमके तेच हवे असते.

प्रश्न : गच्चीतल्या कुंड्यांमधील झाडे आता संपत आली आहेत, पण त्यांवर पुष्कळ हिरवी फळे आहेत. ती पिकवता येतील का? हिरवा टोमॅटो विषारी असतो असेही ऐकले आहे. (एक वाचिका, नागपूर)

उत्तर : हिरव्या टोमॅटोत आणि त्याहून अधिक पाल्यात टोमॅटिन नावाचे कडवट द्रव्य असते आणि फळ पिकेल तसे ते कमी होत जाते. चटणी-भाजीत जेवढा हिरवा टोमॅटो आपण खातो तेवढ्याने अपाय होत नाही; आपल्याकडे त्याची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली आहे. पाला मात्र भाजी म्हणून खाऊ नये.

पिकण्याविषयी एक सोपी परीक्षा आहे. त्याच आकाराचे एक फळ आडवे कापावे. बिया सुरीखाली चिरल्या गेल्या तर फळ कोवळे आहे आणि ते काढून ठेवल्यास सुरकुतेल, पण पिकणार नाही. बियांभोवती बुळबुळीत गर धरला असेल आणि बिया सुरीपुढून निसटल्या, तर त्या आकाराची फळे घरात पिकतील. ती कागदात सैल गुंडाळून पिकल्या केळ्यासोबत खोक्यात ठेवावीत. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पिकण्याला चालना मिळते. उन्हात ठेवण्याचे काही कारण नाही.

कोवळ्या फळांची चटणी करावी. चार मध्यम टोमॅटोंच्या चकत्या, पाच-सहा हिरव्या मिरच्या आणि सहा लसूण पाकळ्या लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात, डाग पडेपर्यंत आणि आतून मऊ होईपर्यंत परताव्यात. दोन चमचे तीळ आणि पाव वाटी शेंगदाणे वेगळे भाजून घ्यावेत. मीठ, जिरे आणि सुपारीएवढा गूळ घालून सारे खलबत्त्यात ठेचावे. मिक्सरच वापरायचा असेल तर तो थांबवत थांबवत फिरवावा, कारण ही चटणी गुळगुळीत झाली की तिची मजा जाते. ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढताना वर कच्च्या तेलाची धार विसरू नये.

प्रश्न : टोमॅटोच्या बियांमुळे मुतखडा होतो म्हणून घरातले ज्येष्ठ टोमॅटो खाऊ देत नाहीत. (एक वाचक, लातूर)

उत्तर : बिया मूत्रमार्गात जाऊन खडा होत नाही. सर्वाधिक आढळणारे खडे कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात आणि टोमॅटोत ऑक्सलेटचे प्रमाण पालकाच्या मानाने नगण्य असते. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियम कमी घेण्यास सांगितले आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांचाच सल्ला पाळावा.

प्रश्न : येथे ऑगस्टमध्ये शेतकरी बाजारात अर्ध्या अर्ध्या किलोचे, जुन्या वाणांचे सुंदर टोमॅटो मिळतात. भाजीत घातले की रस्सा मात्र पाणी पाणी होतो. हिवाळ्यात तर दुकानातला ताजा टोमॅटो लाकडासारखा लागतो. काय करावे? (एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : आपण टोमॅटोसाठी नावाजलेल्या राज्यात राहता. तेथील रटगर्स विद्यापीठाने १९३४ मध्ये आणलेले ‘रटगर्स’ वाण एके काळी अमेरिकेत फार लोकप्रिय होते. ऑगस्टमधील ही मोठी फळे कच्ची खाण्यासाठीच आहेत. ती रश्श्यात घालणे म्हणजे त्यांचा वास वाफेवर घालवणे होय. त्यांची वर सांगितलेली कोशिंबीर करावी, किंवा जाड चकत्यांवर मीठ, भरड दाण्याचे कूट आणि मोहरी-हिंग-कढीपत्त्याची गरम फोडणी ओतून लगेच वाढावे. रश्श्याला त्याच बाजारातले लांबट टोमॅटो घ्यावेत.

डिसेंबरनंतर तेथे ताज्याचा हट्ट सोडावा आणि डब्यातला टोमॅटो बिनदिक्कत वापरावा. तो हंगामात, पूर्ण पिकल्यावर भरलेला असतो. फक्त फोडी केलेला डबा घेऊ नये, कारण फोडी घट्ट राहाव्यात म्हणून त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड घातलेले असते आणि त्या मसाल्यात कितीही परतल्या तरी विरघळत नाहीत. ठेचलेल्या टोमॅटोचा डबा घ्यावा.

प्रश्न : बेसनाचे टोमॅटो ऑम्लेट तव्याला चिकटते आणि उलटताना मोडते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पीठ भिजवतानाच मीठ घातल्यामुळे टोमॅटोला पाणी सुटते आणि पीठ पातळ होत जाते. टोमॅटो अगदी बारीक चिरून त्याच्याच रसात बेसन आणि चार चमचे बेसनामागे एक चमचा तांदळाची पिठी कालवावी, पाणी लागलेच तर शेवटी घालावे, आणि मीठ तवा तापल्यावरच मिसळावे. कडा सुटून वरचा ओलसरपणा जाईपर्यंत झाकण ठेवून मध्यम आचेवर भाजावे, त्याआधी उलथने लावू नये.